‘काय करून राहिला?’ : इंग्रजी क्रियापदाची वाट आपल्या वऱ्हाडीतून जाते



घरी पाहुणे आले की आपल्या लेकराची एक तोंडी परीक्षा ठरलेली असते. “बाबू, नोज दाखव. आईज कुठं आहेत? गायीला काय म्हणतात? आणि संत्र्याला?” लेकरू पटापट सांगते. आईबाबा खूश, पाहुणे खूश. मीही माझ्या मुलाची अशी परीक्षा कितीदा तरी घेतली आहे, म्हणून कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही.

पण एक गोष्ट बघा. त्या परीक्षेतला प्रत्येक शब्द नाम असतो. नाक, डोळे, गाय, संत्रं. “गाय काय करते?” असं कोणी विचारत नाही. मग हेच लेकरू पाचवीत, सातवीत येते. त्याच्याजवळ दोन-अडीचशे इंग्रजी नावं जमलेली असतात, पण एक सरळ वाक्य तोंडातून निघत नाही. विटा भरपूर झाल्या, सिमेंट कोणी आणलंच नाही. हे सिमेंट म्हणजे क्रियापद. ते आपण शाळेत शिकवतो, नाही असं नाही. पण कसं शिकवतो, यावर आज मला बोलायचं आहे.

आधी माझी चूक सांगतो

दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. सातवीत एक मुलगी होती. ‘गो, वेंट, गॉन’, ‘कम, केम, कम’ हा तक्ता तिला वर्गात सगळ्यात चांगला पाठ. ऐंशी क्रियापदं एका दमात म्हणायची. एकदा मी तिला वडिलांबद्दल एक वाक्य सांगायला लावलं. ती म्हणाली, ‘माय फादर फार्मर.’ मी म्हटलं, “यात ‘इज’ कुठं आहे?” ती गोंधळली. पुन्हा तेच बोलली. मी पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा वर्ग हसला, अन् खरं सांगायचं तर मीही हसलो.

त्यानंतर ती मुलगी माझ्या तासाला दोन वर्षं बोलली नाही. तक्ता विचारला की घडाघडा म्हणायची, वाक्य विचारलं की मान खाली.

ती नववीत असताना कापूस वेचणीच्या दिवसात आठ-दहा दिवस शाळेत आली नाही. मी गाडीवरून जात होतो, रस्त्यालगतच्या वावरात ती दिसली. थांबलो. बोलायचं काही सुचलं नाही म्हणून आपलं नेहमीचं विचारलं, “काय करून राहिली?”

“कापूस वेचून राहिली, सर.”

“इंग्रजीत सांग पाहू.”

ती बराच वेळ थांबली. मग हळूच म्हणाली, ‘आय... पिक... कॉटन.’

मी “शाब्बास” म्हणून निघालो. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. वऱ्हाडीत ती ‘राहिली’ हा शब्द न विसरता लावते. चालू असलेल्या कामासाठी तिच्या भाषेत एक पक्की जागा आहे. त्या जागेवर इंग्रजीत काय ठेवायचं, हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं. मी तिला तक्ता दिला होता. तक्त्यात वाक्य नसतं.

क्रियापद म्हणजे नेमकं काय?

आपण फळ्यावर लिहितो, ‘क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद’. इंग्रजीच्या तासाला त्यालाच ‘डुइंग वर्ड’ म्हणतो. खाणे, पिणे, पळणे यांना हे लागू पडतं. पण ‘माय फादर इज अ फार्मर’ या वाक्यात कोण काय करत आहे? काहीच नाही. मग मुलाच्या डोक्यात ‘इज’ क्रियापद म्हणून बसणार कसं?

मराठी व्याकरणातली व्याख्या याहून चांगली आहे : वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद. यातला ‘पूर्ण करणारा’ हा भाग आपण घाईत गाळतो. खरं काम तोच करतो. ‘आई बाजारात भाजी’ इथवर कोणी बोलून थांबलं, तर आपण पुढं ऐकायला कान देऊन बसतो. ‘आणते’ म्हटलं की बोलणं पुरं झालं. इंग्रजीतला ‘व्हर्ब’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थच मुळी ‘शब्द’ असा आहे. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात शाकटायनाचं मत नोंदलेलं आहे, की सगळी नामं धातूंपासूनच झाली. म्हणजे क्रियापदाला मोठा मान देणं ही काही नवी गोष्ट नाही. आपणच पाहुण्यांसमोर नोज-आईजमध्ये अडकलो.

आता इंग्रजी क्रियापद आपल्या मुलांना कुठं अडवतं आणि तिथं त्यांची स्वतःची भाषा कशी हात देते, ते एकेक करून पाहू.

१. ‘इज’ का सुटतो?

‘माझे बाबा शेतकरी.’ ‘माझं नाव सीमा.’ ‘हे आमचं घर.’ ही मराठीतली पूर्ण वाक्यं आहेत. ‘आहेत’, ‘आहे’ नसलं तरी चालतं. इंग्रजीत चालत नाही. तिथं क्रियापदाशिवाय साधं वाक्य उभं राहत नाही. म्हणून ‘माय फादर फार्मर’ म्हणणारं मूल निष्काळजी नसतं. ते मराठीचा बरोबर नियम इंग्रजीला लावत असतं. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी हसलो नसतो. “मराठीत ‘आहे’ खिशात ठेवलं तरी चालतं, इंग्रजीत ते हातात धरून दाखवावं लागतं,” एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं.

२. क्रियापदाची जागा

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी बसतं, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागं. हे आपण सांगतो. पण त्याचं कारण सांगत नाही. ‘कुत्र्यानं मांजराला पळवलं’ आणि ‘मांजराला कुत्र्यानं पळवलं’ या दोन्ही वाक्यांत पळवणारा कुत्राच आहे, कारण ‘नं’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्यांच्यासोबत हलतात. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. तिथं क्रियापदाच्या अलीकडं कोण आणि पलीकडं कोण, यावरूनच पळवणारा कळतो. जागा बदलली तर मांजर कुत्र्याला पळवू लागते! हे दोन मुलांना वर्गात उभं करून दाखवा. मध्ये तिसरा मुलगा ‘चेज’ लिहिलेली पाटी घेऊन उभा. दोघांच्या जागा बदला, वर्गच सांगेल काय झालं ते.

३. ‘तो जाते, ती जाते’

प्रमाण मराठीत ‘तो जातो, ती जाते, ते जातं’. क्रियापद बदलतं. इंग्रजीत ‘ही गोज, शी गोज, इट गोज’, काही बदलत नाही. आता आपल्या घरात कान देऊन ऐका. ‘बाबा येते.’ ‘तो शाळेत जाते.’ ‘ती शाळेत जाते.’ वऱ्हाडीत इथं पुरुष-बाई असा भेद राहत नाही. म्हणजे आपल्या पोराला ‘ही गोज, शी गोज’ समजायला मुळीच जड नाही, ते घरी तसंच बोलतं. आपण मात्र ‘तो जाते’ म्हटल्यावर त्याला मराठीच्या तासाला टोकतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याच गोष्टीसाठी नवा नियम पाठ करायला लावतो.

४. ‘करून राहिलो’

हा माझ्या मते सगळ्यात मोठा खजिना आहे. ‘मी शाळेत जातो’ म्हणजे रोज जातो, ‘आय गो टू स्कूल.’ ‘मी शाळेत जाऊन राहिलो’ म्हणजे आत्ता, या घडीला, ‘आय ॲम गोइंग टू स्कूल.’ पुस्तकी मराठीत ‘जात आहे’ आहे, पण मुलं ते रोज बोलत नाहीत. ‘जाऊन राहिलो’ मात्र ती दिवसातून शंभरदा बोलतात. तुकडे पाडून फळ्यावर समोरासमोर मांडा :

वेचून – पिकिंग
राहिलो, राहिली, राहिला – ॲम, इज, आर

‘जाऊन राहिला होता’ म्हणजे ‘वॉज गोइंग’. एवढंच नाही, ‘मी उद्या अमरावतीले जाऊन राहिलो’ असं आपण उद्याच्या ठरलेल्या कामासाठीही बोलतो, आणि इंग्रजीही तिथं ‘आय ॲम गोइंग’च म्हणते. दोन भाषांची इतकी जोडी जमलेली असताना आपण ‘आयएनजी कधी लावायचं’ याचे पाच नियम लिहून देतो, याचं मला आता नवल वाटतं.

एक सावधगिरी मात्र हवी. वऱ्हाडी सगळीकडंच ‘राहिलं’ लावू शकते : ‘मले समजून राहिलं’, ‘मले भूक लागून राहिली’. इंग्रजीत ‘नो’, ‘लाइक’, ‘वॉन्ट’ अशा मनातल्या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही. आणि भुकेला तर ‘आय ॲम हंग्री’ असं वेगळंच वाक्य लागतं. हाताने, पायाने, तोंडाने करायचं काम असेल तर हा पूल पक्का. मनातलं काही असेल तर थांबून विचार करायचा. मुलांना एवढं सांगून ठेवायचं.

५. एकच गाठोडं

‘डिड यू वेंट?’ आणि ‘शी डझन्ट गोज’ या दोन चुका तपासता तपासता आपल्या लाल पेनांची शाई संपते. मी आता नियम सांगत नाही, गाठोडं सांगतो. काळाचं गाठोडं वाक्यात एकच असतं. मदतनीस ‘डिड’ आला की ते तो आपल्या डोक्यावर घेतो, मग ‘गो’ मोकळ्या हातानं चालतो. ‘डिड यू वेंट’ म्हणजे एकाच गाठोड्याला दोघं लोंबकळले. ‘डझन्ट गोज’मध्ये ‘एस’चं गाठोडं तसंच दोघांनी उचललं. गंमत म्हणजे आमच्या वर्गातली पोरं आता एकमेकांनाच टोकतात, “अबे, दोघांनी कायले उचललं?”

६. ‘हॅव’ला मराठीत शब्दच नाही

‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याजवळ पैसे आहेत.’ ‘गायीला शिंगं आहेत.’ ‘मला ताप आहे.’ चारही ठिकाणी मराठी ‘आहे’वर भागवते, इंग्रजी चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ मागते. मूल ‘आहे’ म्हणजे ‘इज’ एवढंच शिकलेलं असतं, म्हणून ते ‘माय टू ब्रदर्स इज’ लिहितं. शब्दाला शब्द दिला की असं होतं. इथं शब्द न देता अख्खी वाक्यं द्या. “जवळ असणं, नात्यानं असणं, अंगाला असणं, हे सगळं इंग्रजीत ‘हॅव’च्या घरी जातं” असं सांगून मुलांकडून घरातल्या वीस गोष्टींची वाक्यं करून घ्या.

‘गो-वेंट-गॉन’ वाईट आहे का?

तक्त्याचा मी वैरी नाही. अनियमित क्रियापदं माहीत हवीतच. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं, म्हणजे बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, ही सारी अनियमितच आहेत. रोज वापरात असल्यामुळं त्यांची जुनी रूपं झिजून गेली नाहीत, तोंडात टिकून राहिली. ‘वेंट’ तर मुळात ‘गो’चं नव्हतंच. ते ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्या जुन्या क्रियापदाचं रूप, ते ‘गो’च्या घरी नांदायला आलं.

आता मराठीकडं पाहा. जाणे – गेला. येणे – आला. करणे – केला. होणे – झाला. मरणे – मेला. पिणे – प्याला. हा तक्ता आपल्याला कोणी पाठ करायला लावला होता? लहान मूल आधी ‘मी करलं’ म्हणतं, मग ऐकता ऐकता ‘केलं’वर येतं. इंग्रज मूलही आधी ‘गोड’ म्हणतं, मग ‘वेंट’वर येतं. अनियमित रूपं वापरातूनच बसतात. म्हणून तक्ता म्हणायचाच असेल तर प्रत्येक शब्द वाक्यात घालून म्हणा : ‘आय गो एव्हरी डे. आय वेंट येस्टरडे. आय हॅव गॉन देअर बिफोर.’ वेळ जास्त लागतो, शब्द कमी होतात, पण उरतात.

आणि पालकांची एक भीती काढून टाकतो. इंग्रजी क्रियापदाची रूपं फार असतात असं वाटतं ना? ‘गो’ची मोजून पाच आहेत : गो, गोज, गोइंग, वेंट, गॉन. सगळ्यात जास्त ‘बी’ची, तीही आठच. आपल्या ‘जाणे’ची मोजायला बसा : जातो, जाते, जातोस, जातात, गेलो, गेलास, गेली, गेल्या, जाईन, जाशील, जातील... जेवण थंड होईल. एवढी भाषा जे मूल शाळेत यायच्या आधीच पेलतं, त्याला ‘कच्चं’ म्हणायचा आपल्याला काय हक्क?

मग वर्गात काय करायचं?

मी करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

पहिलं, सुरुवात मुलांच्या हातातल्या कामापासून. आमच्याकडच्या मुलांना पेरणं, निंदणं, वखरणं, वेचणं, सोंगणं माहीत आहे. ‘सो’, ‘वीड’, ‘पिक’, ‘कट’ हे शब्द त्यांना कृती करत सांगितले की दुसऱ्यांदा सांगावे लागत नाहीत. तूर सोंगायची कृती करून दाखवणारा मुलगा वर्गात हमखास सापडतो, आणि तो बहुतेक मागच्या बाकावरचा असतो.

दुसरं, रोज पाच मिनिटं ‘काय करून राहिला?’ हा खेळ. एक जण मुकाट्यानं कृती करतो, दुसरा विचारतो ‘व्हॉट इज ही डुइंग?’, बाकीचे वाक्यात उत्तर देतात. नुसता शब्द चालत नाही.

तिसरं, गावातल्या गोष्टीतून काळ. आपली शकुंतला रेल्वे घ्या. ‘शकुंतला यायची’ आणि ‘शकुंतला आली’ यातला फरक आजोबा-आजींकडून मुलांनी ऐकलेला असतो. पहिलं ‘यूज्ड टू कम’, दुसरं ‘केम’. बंद पडलेल्या गाडीवर काळ जितका नीट समजतो, तितका कोऱ्या वाक्यावर समजत नाही.

चौथं, चूक ऐकली की तिथल्या तिथं तोडायचं नाही. मूल म्हणालं ‘माय फादर फार्मर’, तर आपण आनंदानं म्हणायचं, ‘ओह, युवर फादर इज अ फार्मर! व्हॉट डझ ही ग्रो?’ बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढं गेलं. शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांना वऱ्हाडीतून प्रश्न विचारत विचारत पुढं नेत. उत्तर देणाऱ्याला आपण बोलू शकतो असं वाटायला लावणं, हीच तर शिकवण्याची अर्धी कला आहे.

काही आक्षेप

“सर, वऱ्हाडी वापरली तर पोरांची मराठी बिघडेल,” असं एका सहकाऱ्यांनी मला ऐकवलं. मला उलटा अनुभव आला. ‘जाऊन राहिलो – जात आहे – ॲम गोइंग’ असे तीन रकाने केले की मुलांना घरची, पुस्तकातली आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा वेगवेगळ्या दिसू लागतात. कुठं काय बोलायचं हे त्यांना जास्त कळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. आपल्या मुलांची घरची भाषा वऱ्हाडी आहे, हे मान्य करायला लाजायचं कशाला?

दुसरा आक्षेप परीक्षेचा. परीक्षेत काळ बदलायला येतात, रूपं विचारतात, हे खरं. पण ज्याला वाक्याची जाण आहे तो रूपं पाठ करू शकतो. रूपं पाठ असलेल्याला वाक्याची जाण येईलच याची खात्री नाही. माझी ती विद्यार्थिनी याचा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात, इतर कामं सांभाळून, हे रोज जमत नाही. मलाही जमत नाही. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी मी समाधान मानतो.

पालकांना दोन शब्द

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी ‘मराठी शाळेत इंग्रजी येत नाही’ म्हणून तुम्ही ऐपत नसताना मोठी फी भरता, पोराला सकाळी सहाला गाडीत बसवता. तुमची तळमळ मला कळते. पण फी भरण्याआधी एक करून पाहा. पाहुण्यांसमोर ‘नोज दाखव’ बंद करा. संध्याकाळी चुलीजवळ, वावरात, ओट्यावर बसून विचारा, “आई काय करून राहिली? बैल काय करून राहिला?” तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. मराठीत उत्तर पूर्ण वाक्यात आलं तरी पुढचं काम आमचं. पूर्ण वाक्यात बोलायची सवय घरून आली की इंग्रजीतलं क्रियापद त्याला परकं वाटत नाही.

आणि चुकलं तर हसू नका. एवढं माझ्याकडून झालं नाही, तुमच्याकडून व्हावं.

ती मुलगी दहावी होऊन गेली. शेवटच्या दिवशी निरोप समारंभात मी तिला विचारलं, ‘व्हॉट आर यू डुइंग?’ ती हातात हार ओवत होती. वर न पाहता म्हणाली, ‘आय ॲम मेकिंग अ गार्लंड, सर.’ मग वर पाहून हसली. या वेळी वर्गातलं दुसरं कोणी हसलं नाही. मी मात्र मनातल्या मनात तिची माफी मागितली. ती तोंडानं मागायला हवी होती, हे नंतर सुचलं.

उद्याच्या तासाला तक्ता काढण्याआधी पाच मिनिटं फक्त विचारून पाहा, “काय करून राहिले रे तुम्ही?” उत्तरं ऐका. इंग्रजी तिथूनच सुरू करता येते.